पतंगाला साखरपाणी देऊ का?

प्रश्न: बावधनला टेकडीला लागून आमचा फ्लॅट आहे. परवा पाऊस झाल्यावर गॅलरीच्या ट्यूबवर दोन किडे आले. एक तांबूस तपकिरी पतंग, पंख पसरून ताटलीएवढा, पंखांवर काचेसारखे त्रिकोण. दुसरा काळा भुंगा, डोक्यावर शिंग, भिंतीवर आपटून उताणा पडला. पतंग दोन दिवस भिंतीला चिकटून बसलाय, खात काहीच नाही. साखरपाणी देऊ का? आणि भुंगा चावतो का?

उत्तर: साखरपाणी राहू दे हो, त्याला खायला तोंडच नाही! हा अ‍ॅटलस पतंग, सह्याद्रीत सापडतो, पंख २५ सेंटीमीटरपर्यंत भरतात. अळी असताना पेरू, लिंबू, दालचिनी असल्या झाडांची पानं हादडून जी चरबी साठवली त्यावरच आता एक-दोन आठवडे काढायचे, त्यात जोडीदार शोधायचा आणि संपलं, म्हणून तो दिवसभर गप्प बसून शक्ती वाचवतोय. मिशा बघा, पिसासारख्या चांगल्या रुंद असतील तर नर. मादी एका जागी बसून वास सोडते आणि हा त्या मिशांनी तो हुंगत अंधारातून जातो. तुमची ट्यूब त्याला मधेच अडकवते, रात्री बंद ठेवा.

भुंगा म्हणजे गेंड्या भुंगा, आणि त्याचं सगळंच उलटं. इथे वास नर सोडतो, नारळाच्या बागेत सापळ्यात लावतात ती ल्यूर, म्हणजे आमिषाची पुडी, त्याच वासाची. आणि हा मोठा झाल्यावरही खातो, महिनोन्‌महिने जगतो. पाठीवरची ती कडक ढाल म्हणजे पुढचे पंखच, उडायचे पातळ पंख खाली घडी करून ठेवलेले असतात. चावत वगैरे नाही, पण पायांना काटे असतात, बोटाला चांगलं खरचटतं, तेव्हा कागदावर घेऊन बाहेर सोडा.

मात्र सोसायटीत नारळ असेल तर सोडण्याआधी जरा विचार करा, मी तरी सोडणार नाही. तो शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो, मग ती झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. मादी अंडी घालते कुजलेल्या शेणखतात, कंपोस्टमध्ये. खड्डा उकरून बघा, तपकिरी डोक्याच्या जाड पांढऱ्या अळ्या वेटोळं करून पडलेल्या दिसतील. तशा सगळ्याच काही गेंड्याच्या नसतात, त्यामुळे दिसली की मार असं करू नका, आधी झावळ्या बघा.