एका घरातल्या दोन भीती

‘मॅडम, मी अजून मास्क लावते. सारे हासून राहिले माह्यावर. मी पागल झाली का?’

ग्रामीण रुग्णालयाच्या समुपदेशन खोलीत हा प्रश्न अजूनही येतो, वेगवेगळ्या तोंडून. राज्यातली मास्कची सक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला उठली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. सक्ती होती तेव्हा साऱ्यांना एकच नियम होता. आता ज्याचं त्याने ठरवायचं म्हटल्यावर घरात चार माणसं असली की चार मतं निघतात, आणि जो वेगळं वागतो तो वेडा ठरतो.

हा प्रश्न विचारणाऱ्या ताई चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यातल्या. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उन्हाळ्यात त्यांना काही अडचण नसते. आपल्याकडे मे महिन्यात अख्खा विदर्भच दुपट्टा बांधून फिरतो, त्यात एक मास्क कोणाच्या डोळ्यावर येतो? खरी पंचाईत दिवाळीनंतर. मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, रात्रीची नाटकं लागतात, पाहुण्यांनी घर भरतं, पुढे लग्नसराई. तिथे ह्या एकट्याच तोंड झाकून, सोबत चौदा वर्षांचा मुलगा, त्याच्याही तोंडाला मास्क.

मास्क बरोबर की चूक, हे मी लगेच सांगितलं नाही. घरात कोण कोण आहे, ते आधी विचारलं. मुलाला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे दोष आई आणि बाबा दोघांकडूनही आलेला. आईबाबा दोघंही वाहक, म्हणजे दोष अंगात पण स्वतःला आजार नाही, आणि ते कळलं मुलाचं निदान झाल्यावर.

इथे थोडं थांबून सांगते, कारण ‘सिकलसेल म्हणजे अंगदुखी’ एवढंच पुष्कळांना माहीत असतं. या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कळा येतात. पण जंतूंशी लढायला मदत करणारी प्लीहाही लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोनियासारखा संसर्ग या मुलांना लवकर होतो आणि जोरात होतो. छातीत संसर्ग झाला, ऑक्सिजन कमी पडला की पेशी आणखी वाकतात. दुसऱ्या मुलाचा चार दिवसांचा सर्दी-खोकला या मुलाला थेट नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापर्यंत नेऊ शकतो. तेव्हा गर्दीच्या एसटीत या घरातल्या कोणी मास्क लावला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ‘हे माह्या घरी येऊन सांगा.’

पण पुढच्या बोलण्यात दुसरंही निघालं. किराण्याच्या पुड्यांवर अजून सॅनिटायझर फवारणं. मुलगा शाळेतून आला की अंगणातच कपडे बदलायला लावणं. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर हाताशी, मुलगा झोपला तरी. थंडीत बोटं गार पडली की यंत्र कमी आकडा दाखवायचं आणि यांची रात्र जागण्यात जायची. मास्क मात्र एकच, निळा, कापडासारखा धुऊन दोरीवर वाळवलेला आणि बहुतेक वेळा नाकाखाली.

म्हणजे जिथे उपयोग होता तिथली काळजी अर्धवट, आणि जिथे उपयोग नव्हता तिथे जीव पाखडणं चाललेलं. हा विषाणू मुख्यतः हवेतून, श्वासातून पसरतो. साखरेच्या पुडीवर औषध शिंपडून फारसं काही साधत नाही. निळा मास्क एकदाच वापरायचा, धुतला की तो गाळणं सोडतो. एन ९५ नाकागालाला घट्ट बसला तर लावणाऱ्याला चांगलं संरक्षण देतो. तोही धुवायचा नाही, कागदी पाकिटात वाळू द्यायचा, सैल पडला की टाकायचा. हे समजावायला दहा मिनिटं पुरली. यंत्र हातातून सोडवायला पुष्कळ दिवस लागले. कारण ते यंत्र मुलाच्या बोटाला लागत असलं तरी मोजत होतं आईचा अपराधीपणा. ‘आम्हीच देलं त्याले हे,’ असं त्या एकदा बोलून गेल्या. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी रक्त तपासावं असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जे माहीत नव्हतं त्याचा दोष डोक्यावर घेऊन बाई दिवसरात्र पहारा देत होती.

पुढच्या भेटीला मी मुलाच्या बाबांना, भाऊंना, बोलावलं. आले ते तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) दाबूनच. बाहेर जाऊन थुंकून आले, बसले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, ‘मास्कचं जाऊ द्या मॅडम, माह्या पोराले सुई नाही टोचू देणार.’

कुठली सुई? डॉक्टरांनी मुलाला न्यूमोनियाची लस आणि दरवर्षीची फ्लूची लस घ्यायला सांगितलं होतं. सिकलसेलच्या मुलांना ती सांगतातच. आता बाळांना न्यूमोनियाची लस नेहमीच्या लसीकरणात मिळते, पण हा मुलगा त्याआधीचा. भाऊंनी दोन्ही अडवून धरल्या होत्या. कोविडची लस या मुलाला मिळालीच नव्हती. मार्च २०२२ मध्ये बारा ते चौदा वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा तो अकराचा होता. त्याचं आईला दुःख, बाबांना समाधान.

भाऊंनी स्वतः २०२१ मध्ये कोविशील्डचे दोन डोस घेतले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात, ती बनवणाऱ्या मूळ कंपनीने लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे ब्रिटनच्या कोर्टात मान्य केल्याची बातमी मोबाइलवर आली. तेव्हापासून छातीत जरा धडधडलं की यांना वाटायचं, आपला नंबर लागला. कोणी तरणा पोरगा खेळता खेळता कोसळल्याचा व्हिडिओ आला की तो चारदा पाहायचे.

ती बातमी खोटी नव्हती, आणि खोटी आहे असं सांगणंही चूक ठरलं असतं. दुष्परिणाम खरा आहे, फार दुर्मीळ आहे. पण तो होतो तो डोस घेतल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांच्या आत, बहुतेक पहिल्या डोसनंतर. बातमी तीन वर्षांनी आली म्हणून धोकाही तीन वर्षांनी येतो असं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: आधी कोविडने दवाखान्यात भरती झालेलं असणं, घराण्यात असा मृत्यू झालेला असणं, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू, अंगाबाहेरचे श्रम.

भाऊंनी मान हलवली. पटलं मात्र नाही. सिस्टरने रक्तदाब मोजला तर तो चढलेला. खर्ऱ्यावर बोलायचा मोह मला झाला, पण त्या दिवशी गिळला. बोलले असते तर पुन्हा आले नसते.

तिसऱ्या भेटीला सोबत ताईंच्या मोठ्या जाऊबाई आल्या, त्यांच्या स्वतःच्या शुगरच्या गोळ्या घ्यायला. सहज म्हणून खोलीत येऊन बसल्या, आणि त्या दिवशी खरा विषय निघाला. भाऊंचा मोठा भाऊ, म्हणजे जाऊबाईंचे मालक, एप्रिल २०२१ मध्ये गेले. पंचेचाळिशीपुढच्यांना लस सुरू झाली होती, त्यांनी गावात पहिला डोस घेतला, आणि आठ-दहा दिवसांत दवाखान्यात संपले. मयतीला माणसं नाहीत, तेरवी पाच जणांत. भाऊंच्या डोक्यात तेव्हाच बसलं: सुईनं नेलं. ताईंच्या डोक्यात बसलं ते वेगळंच. जेठजी त्याआधी एका लग्नाला जाऊन आले होते. तिथल्या गर्दीनं नेलं.

एकाच मरणातून दोघांनी दोन वेगळ्या भीती घरी आणल्या होत्या. आणि इतक्या वर्षांत त्या मरणावर दोघं एकमेकांशी एकदाही बोलले नव्हते. बोलले ते फक्त मास्क आणि लसीवर, तेही भांडून.

जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, ‘डोस घ्याच्या आधल्या दिवशीच आंगात कणकण होती त्यांच्या. मी म्हणलं नोका जाऊ. थे म्हणे, नंबर लागला, मंग भेटन का नाही.’

भाऊ त्यांच्याकडे पाहतच राहिले. ‘मले काऊन नाही सांगितलं वैनी?’

‘तुमी कधी इचारलं?’

अंगात आजार आधीच शिरलेला असताना घेतलेला पहिला डोस त्याला अडवू शकत नाही. शरीराला तयारीला दोन-तीन आठवडे तरी लागतात. हे मी आधीही सांगितलं होतं. पण त्या दिवशी ते वहिनीच्या तोंडून आलेल्या तारखेला जाऊन लागलं. माहितीने माणूस बदलतो यावर माझा विश्वास कमीच आहे. ती माहिती त्याच्या स्वतःच्या दुःखात कुठेतरी बसावी लागते. भाऊ त्या दिवशी रडले, आणि लसीवर कोणी काही बोललं नाही.

या साऱ्यात मुलाला कोणीच विचारलं नव्हतं. मी विचारलं. म्हणाला, ‘वर्गात नाही लावणार. पोट्टे डाकटर म्हणतेत. बसमध्ये लावतो, दवाखान्यात लावतो. अन् मले नाटक पाहाचं हाय.’ चौदा वर्षांच्या पोराने इतकं नीट वेगळं करून सांगितलं, की आम्हा मोठ्यांना भर घालायला फारसं उरलं नाही. खिडक्या उघड्या असलेला वर्ग आणि दारं लावलेली खच्चून भरलेली बस एकसारखी नसते. नाटक मोकळ्या मैदानावर असतं. कडेला बसायचं, अंगावर जाड कपडे, कारण थंडीनेही कळा उठतात. घरात कोणाला खोकला असेल तर मास्क त्या खोकणाऱ्याने लावायचा, मुलाने नाही. ही अट भाऊंना थोडी जड गेली, पण मान्य केली.

ताईंनी पुड्यांवरचा सॅनिटायझर बंद केला. यंत्र कपाटात गेलं, ताप किंवा धाप असेल तेव्हाच काढायचं या बोलीवर. अधूनमधून ते बाहेर येतं, त्या स्वतःच सांगतात. झोप लागत नसेल तेव्हा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, तो त्यांनी मोबाइलमध्ये ठेवला आहे.

न्यूमोनियाची लस मुलाने घेतली. भाऊ स्वतः घेऊन आले, अर्धा तास बाकावर बसून पोराकडे एकटक पाहत राहिले. फ्लूच्या लसीचं ‘धान कापणी झाल्यावर पाहू’ असं चाललं आहे. मी रेटलं नाही. डॉक्टर विचारतात, मीही विचारत राहणार. कोविडची लस मुलाला आता द्यावी का, हा निर्णय त्याचा सिकलसेल पाहणाऱ्या डॉक्टरांवर सोडला आहे.

एक गोष्ट मात्र दोघांकडून कागदावर लिहून घेतली, ती स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली आहे: मुलाला १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला तर रात्र असो की पेरणी, त्याच वेळी दवाखाना. मास्क लावला होता की नाही, लस घेतली होती की नाही, ते भांडण नंतर.