काकांचं जीवन ‘सार्थकी’ लागलं, ‘अर्थपूर्ण’ नव्हतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचे काका जन्मभर नास्तिक. निवृत्तीनंतर ओसरीवर फळा टांगून तालुक्यातल्या पोरांना फुकट गणित शिकवलं, शेवटी देहदान केलं. शोकसभेच्या पत्रकात ताईंनी लिहिलं, ‘त्यांचे जीवन सार्थकी लागले.’ नात्यातल्या एका कीर्तनकार बुवांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, सार्थक हा परमार्थातला शब्द. ज्याला देवच मान्य नाही त्याच्या जन्माचं सार्थक कसलं? फार तर ‘अर्थपूर्ण जीवन’ लिहा. तर ‘सार्थकी’ ठेवायचं की काढायचं?

ठेवा. काढायचं असेल तर ते ‘अर्थपूर्ण’ काढा.

हा ‘अर्थपूर्ण’ हल्ली इतका बोकाळलाय की ऐकून कान किटतात. मीनिंगफुल लाइफचं शब्दशः भाषांतर झालं आणि मराठीत या शब्दाला आधीपासून काय वास आहे याची कुणी चौकशीच केली नाही. मराठीत हसणं अर्थपूर्ण असतं, म्हणजे त्यात काहीतरी खोच असते. आणि वर्तमानपत्रं गेली कित्येक वर्षं ‘कंत्राटदाराशी अर्थपूर्ण संबंध’ असं लिहितात तेव्हा पाकिटाची जाडी डोळ्यांपुढे येते. ‘काकांचे जीवन अर्थपूर्ण होते’ हे वाक्य तहसील कचेरीच्या आवारात मोठ्याने वाचून बघा, लोक कसे बघतात ते.

खरी गफलत ‘अर्थ’ या शब्दाची आहे. शाळेत ‘शब्दांचे अर्थ लिहा’ करून करून आपल्याला वाटतं, अर्थ म्हणजे मीनिंग. मग आयुष्य हे एक अवघड वाक्य होतं आणि त्याचा अर्थ सांगायला वरती कुणी लेखक लागतो. देवाशिवाय आयुष्य निरर्थक हा सगळा युक्तिवाद या एका गैरसमजावर उभा आहे. पण बसथांब्याच्या बाकावर ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं, तिथे कुणी स्मरणाचा अर्थ विचारत नाही. विद्यार्थी म्हणजे विद्येचा अर्थ सांगणारा नव्हे, तसं असतं तर वर्ग ओस पडले असते. प्रीत्यर्थ, सेवार्थ, शरणार्थी या सगळ्यांत अर्थ म्हणजे हेतू, प्रयोजन, ज्यासाठी निघालो ते काम.

आणि ‘निघालो’ हे मी मुद्दाम म्हणतोय. वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात अर्थाची व्युत्पत्ती दिली आहे, ‘अर्थोऽर्तेः’. ऋ धातू, म्हणजे जाणे. (हाच यास्क, ज्याने ‘मंत्र अनर्थक आहेत’ असं बेधडक म्हणणाऱ्या कौत्साचं मत आपल्या ग्रंथात नोंदवलं, मग खोडून काढलं, पण गाळलं नाही. बुवांनी हा सभ्यपणा बघावा.) यास्काच्या व्युत्पत्त्या पुष्कळदा ओढूनताणून असतात हे मला ठाऊक आहे. इथे मात्र मी त्याच्या बाजूने उभा राहणार, कारण माझ्या हाताशी ऋग्वेदातलं पहिल्या मंडलातलं ११३वं सूक्त आहे. उषेचं सूक्त. उषा कुणाकुणाला कशाकशासाठी जागं करते ते ऋषी सांगतो: ‘क्षत्राय त्वं श्रवसे त्वं महीया इष्टये त्वमर्थमिव त्वमित्यै’. इथला ‘त्वं’ म्हणजे ‘तू’ नव्हे, ‘एखाद्याला’. एकाला सत्तेसाठी, एकाला कीर्तीसाठी, एकाला मोठ्या इच्छेपायी किंवा यज्ञापायी, आणि एकाला ‘अर्थम् इव इत्यै’, आपल्या कामाकडे जावं तसं जायला. अर्थाकडे जायचं असतं! आणि पुढचेच शब्द बघा, ‘विसदृशा जीविता’, एकासारखी दुसरी नसलेली जगणी. जीवित आणि अर्थ एकाच ऋचेत शेजारी बसलेत. यज्ञ करणारा एक आणि कामावर निघालेला दुसरा, दोघांना एकच पहाट उठवते, आणि कामावर निघालेल्याला ऋषी कमी लेखत नाही. पहाटे पाचची एसटी पकडणाऱ्या माणसाने हे सूक्त पाठ करावं असं माझं फार दिवसांचं मत आहे.

आता सार्थ. तुमच्या घरी ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ असेल, तिथे सार्थ म्हणजे अर्थासह, हे सगळ्यांना माहीत आहे, सोडून देतो. संस्कृतात दुसराही एक सार्थ आहे. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, आणि त्याचा म्होरक्या तो सार्थवाह. बैलांवर माल लादून नाणेघाटातून कल्याणकडे उतरणारे ते सार्थच. पण तांड्याला सार्थ का म्हणायचं? अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशावर टीका लिहिणारे क्षीरस्वामी म्हणतात, सार्थ म्हणजे सधन. अर्थ म्हणजे पैसा, तो बरोबर असलेले. नंतरच्या बऱ्याच जणांनी तेच उचललं. मला हे अजिबात पटत नाही. पैसा बरोबर असलेला प्रत्येक जण तांड्यात नसतो. सावकार गादीवर बसून सधन असतो, त्याला कुणी सार्थ म्हटलं नाही. तांडा तांडा होतो तो सगळे एकाच कामाला एकाच दिशेने निघाले म्हणून. त्याच टीकेत क्षीरस्वामी ‘सरतो वा’, म्हणजे ‘किंवा चालणारे’, असाही पर्याय देऊन जातात. म्हणजे त्यांनाही चालण्याची आठवण होतीच, फक्त ती त्यांनी ‘वा’च्या मागे ढकलली. मला विचाराल तर स-अर्थ म्हणजे ‘कामावर निघालेला’. तांड्यातला सार्थ आणि जन्माचं सार्थक हे एकाच घरचे.

हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक पाली पुरावा ठेवतो. हा व्युत्पत्तीचा नाही, रसिकतेचा. बुद्धाला बोध झाला, आणि हे लोकांना सांगून काय उपयोग म्हणून तो गप्प बसायच्या विचारात होता. तेव्हा ब्रह्मा सहंपती खाली येतो, गुडघा टेकतो आणि विनवतो, ‘उट्ठेहि वीर विजितसंगाम, सत्थवाह’. ऊठ वीरा, लढाई जिंकलेल्या, सार्थवाहा, लोकांत फीर. सत्थवाह म्हणजे सार्थवाहच. ज्या माणसाच्या शिकवणीत सृष्टीकर्त्या ईश्वराला जागा नाही, त्याला ‘तांड्याचा म्होरक्या’ ही पदवी प्रत्यक्ष ब्रह्मदेव देतोय! देवाला न विचारता निघालेल्याचं सार्थक होतं की नाही, हे देवानेच सांगून टाकलंय.

बुवांचा खरा आधार दासबोध असणार, आणि तो कच्चा नाही. ‘देह परमार्थीं लाविलें । तरीच याचें सार्थक जालें’. समर्थांनी परम-अर्थ आणि स-अर्थ हे जोडून वापरले, मोठं काम आणि कामी लागणं अशी ती जोड आहे. पण ‘तरीच’ हा शब्द बघा. सार्थक या शब्दातच परमार्थ भरलेला असता तर ‘तरीच’ म्हणायची गरज उरली नसती. सार्थक कशाने होतं यावर लोकांची मतं वेगवेगळी होती, म्हणून समर्थांना आपलं मत ठासून सांगावं लागलं. ते मत घ्यायला कुणाची ना नाही. शब्दावर मात्र मठाचा ताबा सांगू नये. मुलगी डॉक्टर झाली की कष्टांचं सार्थक होतं, जुन्या साडीची गोधडी शिवली की ती साडी सार्थकी लागते. साडीने कुठल्या देवाला मानलं होतं?

आणि मराठीत परमार्थाच्या तोडीस तोड दुसरा अर्थही आहे. टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. शिकत असतानाच त्यांनी आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सगळा वेळ मी ‘परहितार्थ’ खर्च करणार. त्यांना कुणी अज्ञेयवादी म्हणतं, कुणी नास्तिक. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली चाळिशीच्या आत ते गेले, तेव्हा अंत्यविधीचा खर्च बायकोवर पडू नये म्हणून पैसे पुडीत बांधून वेगळे ठेवलेले निघाले असं सांगतात. परलोकाची तरतूद नाही, पण स्मशानातल्या लाकडांची आहे. परहितार्थ या शब्दात कुठे आणि किती देव लागतो ते बुवांनी दाखवून द्यावं.

नास्तिक शब्दावर फार लिहीत नाही, त्याचं वाटोळं आधीच झालंय. पाणिनीच्या व्याकरणसूत्रात (‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’, ‘आहे’ म्हणणारा आस्तिक, ‘नाही’ म्हणणारा नास्तिक) काय आहे आणि काय नाही ते सांगितलेलंच नाही. त्यावर ‘काशिका’ ही टीका लिहिणारे म्हणतात, परलोक. मनू म्हणतो, ‘नास्तिको वेदनिन्दकः’, म्हणजे प्रश्न वेदाचा. देव हा तिसरा अर्थ. पूर्वमीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, सृष्टीकर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी पक्के आस्तिक. त्यांच्या जैमिनिसूत्रांत ‘आम्नायस्य क्रियार्थत्वादानर्थक्यमतदर्थानाम्’ असा आक्षेप येतो. वेद कृतीसाठी आहे, म्हणून जे कृतीसाठी नाही ते अनर्थक. हा पूर्वपक्ष आहे, म्हणजे खोडण्यासाठी मांडलेलं मत, मान्य, पण त्याला उत्तर देणारा सिद्धान्तीसुद्धा त्या वाक्यांना कशीबशी कृतीला जोडूनच सोडवतो. म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यांत कर्मठ आस्तिकांच्या लेखीही निरर्थक म्हणजे ज्यातून काही करायचं निघत नाही ते. या हिशेबाने निरर्थक कोण, ओसरीवरचा फळा की काही प्रवचनं, ते मी लिहीत नाही.

व्याकरणाचं एक सांगून टाकतो. ‘जीवनाचे सार्थक झाले’ आणि ‘जीवन सार्थकी लागले’ दोन्ही बरोबर. ‘जीवनास सार्थकता प्राप्त झाली’ हे सरकारी परिपत्रकाचं मराठी आहे, कृपया नको. ‘सत्कारणी लागले’ही चालेल, पण ते वेळ आणि पैशाला जास्त शोभतं.

तुमच्या पत्रकाचा मसुदा मात्र मी पुन्हा वाचला. काकांच्या नावाआधी ‘कै.’ आहे. कैलासवासी! जन्मभर देव न मानलेल्या माणसाला तुम्ही थेट शंकराच्या दारात नेऊन बसवलंत, आणि यावर बुवांसकट एकाचीही हरकत नाही. ‘स्वर्गीय’ करू नका, तेच झालं. ‘दिवंगत’ सुचवतील लोक, तेही ‘दिवं गत’ म्हणजे स्वर्गालाच गेलेला. ‘स्मृतिशेष’ लिहा. पुरोगामी चळवळीतले लोक तो वापरतात आणि त्यात कुणी कुठे गेल्याचा दावा नाही. छपाईला गेलं नसेल तर आजच बदला.