मेडिकलच्या मुलांना पेशंट तपासता येतो की नाही, हे कोण आणि कधी बघतं?

तुमचा प्रश्न असा, की मेडिकलची मुलं वर्षानुवर्षं पेपर लिहितात, मग पेशंट तपासता येतो की नाही हे नक्की कळतं कधी? मी बरीच वर्षं वॉर्डात शिकवतो, परीक्षाही घेतो, म्हणून लिहितोय.

पेपरावरून ते कळत नाही. अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते सांगता येणं, करून दाखवता येणं आणि रोजच्या कामात खरोखर तसं करणं. पेपर, एमसीक्यू, व्हायवा यांत पहिल्या दोन पायऱ्या होतात.

तिसरीसाठी पूर्वी मुख्यतः लाँग केस असायची. एक पेशंट, एक-दोन परीक्षक, बाकी नशीब. हृदय सुरेख तपासणारी मुलगी गुडघा तपासताना अडखळते, त्यामुळे एका केसवरून निकाल लावणं अन्यायाचंच होतं. म्हणून रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून ऑस्की (OSCE) ही प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. ओळीनं स्टेशनं, प्रत्येकाला ठरलेली पाच-दहा मिनिटं. बेल वाजली की पुढे. सगळ्यांना तीच कामं आणि गुणांचा तोच तक्ता.

पोट तपासायचं स्टेशन घ्या. मुलानं हात चोळून गरम केले का? दुखतं कुठे ते विचारून तिथून लांब सुरुवात केली का? आणि दाबताना नजर कुठे होती? ती पेशंटच्या चेहऱ्यावर हवी, कारण दुखलं की आधी कपाळावर आठी उमटते. कितीतरी मुलांची नजर स्वतःच्या बोटांवरच खिळलेली असते. हे कुठल्याच पेपरात पकडता येत नाही.

पण ऑस्कीत परीक्षक समोर बसलेला असतो, तेव्हा सगळेच हात धुतात! चौथी पायरी वॉर्डातच बघावी लागते. त्यासाठी मिनी-सीईएक्स आहे: खऱ्या पेशंटपाशी पंधरा-वीस मिनिटं शेजारी उभं राहून बघायचं आणि लगेच काय चांगलं झालं, काय राहिलं ते सांगायचं. शिवाय परिचारिका आणि सहकाऱ्यांचं मतही घेतलं जातं. माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं मूल्यमापन हेच. आणि सगळ्यात जास्त हेळसांड होते तीही याचीच. टर्म संपताना लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, एकदम दहा सह्या घ्यायला मुलं येतात, सही करणाऱ्यानं त्यातलं एकही काम पाहिलेलं नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

एकदा शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं दम्याच्या पेशंटची हिस्ट्री घेतली, मी बाजूला उभा होतो. सगळं विचारलं, फक्त इनहेलर कसा घेता ते करून दाखवा, एवढं म्हणाली नाही. नंतर मी तिलाच दाखवायला सांगितलं, तर तिलाही नीट जमेना. ती म्हणाली, "सर, मी हिस्ट्री घेताना पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत थांबलं." मग आम्ही दोघं पुन्हा त्या पेशंटपाशी गेलो.