'सक्तीचे' की 'बंधनकारक'?

प्रश्न आला आहे तो असा: सोसायटीच्या फलकावर 'ओला-सुका कचरा वेगळा करणे सक्तीचे आहे' लिहावं की 'बंधनकारक आहे'? अर्थ एकच ना?

नाही. जवळचे आहेत, एक नाहीत. हा फरक एच. एल. ए. हार्ट या इंग्रज विधिचिंतकाने फार बारकाईने तपासला होता. आधी बॅरिस्टर, युद्धकाळात गुप्तचर खात्यात आणि १९५२पासून ऑक्सफर्डला विधिशास्त्राचा प्राध्यापक असा हा माणूस. १९६१च्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ'मध्ये त्याने एक बंदूकधारी उभा केला आहे. तो म्हणतो, पैसे काढ, नाहीतर गोळी घालतो. आपण पैसे देतो. नंतर सांगताना 'द्यावेच लागले', 'देणं भाग पडलं' असं म्हणू. 'द्यायला मी बांधील होतो' असं कोणी म्हणेल का?

हार्टचा रोख जॉन ऑस्टिन या त्याच्या आधीच्या विधिचिंतकावर होता. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा आणि तिच्यामागे शिक्षेचा धाक, असं ऑस्टिनने १८३२मध्ये मांडलं होतं. हार्टचं म्हणणं, एवढ्यावर भागत नाही. लोक नियम आपला मानतात, त्यावर बोट ठेवून दुसऱ्याला बोलतात, स्वतः चुकले तर वरमतात. बांधिलकी ती इथे. धाक नसला तरी ती उरते.

गंमत म्हणजे इंग्रजीतले 'ऑब्लाइज्ड' (भाग पडलेला) आणि 'ऑब्लिगेशन' (बांधिलकी) हे दोन्ही शब्द 'बांधणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूचे, त्यामुळे हार्टला ते सोडवत बसावं लागलं. आपल्याकडे कुळंच वेगळी. 'सक्ती' फारसी 'सख्त'वरून आली, सक्तमजुरीतलं 'सक्त' तेच; 'बंधन' संस्कृत. 'हेल्मेटसक्ती' म्हणणारी वर्तमानपत्रं नकळत ऑस्टिनच्या बाजूची! (चौकात पोलीस दिसला की हेल्मेट चढवणारेही.)

पण वापर इतका सरळ नाही. २००९च्या कायद्याच्या नावात 'मोफत व सक्तीचे शिक्षण' आहे. वाटतं, सक्ती मुलांवर. प्रत्यक्षात कलम ८च्या स्पष्टीकरणात 'सक्तीचे शिक्षण' म्हणजे शासनावरचं दायित्व, अशी व्याख्या आहे. तिथे शब्द सक्तीचा आणि आशय बांधिलकीचा.

तुमच्या फलकापुरतं: मुद्दा दंडाचा असेल तर 'सक्तीचे' लिहा आणि रक्कमही लिहा. सभेत सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल तर 'बंधनकारक'. फक्त 'बंधनकारक राहील' नको, 'आहे' पुरे.