बिअरमधला चिकन स्ट्यू कडू का होतो?

प्रश्न : आम्ही बेल्जियममधील गेंट शहरात राहतो. गडद बिअरमध्ये शिजवलेला ‘स्टोफव्लेस’ येथे घरोघरी होतो, पण तो गोमांसाचा असतो आणि आमच्या घरी ते चालत नाही. म्हणून तीच कृती मी चिकन घेऊन केली. बिअर म्हणून स्टाउट ही काळी बिअर वापरली आणि अडीच तास मंद आचेवर ठेवले. रस्सा कडवट झाला, चिकनचा चोथा झाला. काय बदलावे? हा पदार्थ मुलांना देता येईल का?
— एक वाचक, गेंट

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ त्या अडीच तासांत आहे. गोमांसाचे चिवट तुकडे मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो. कोंबडीला लागत नाही. शिवाय रस्सा आटतो तेव्हा पाणी उडून जाते, पण हॉप्समधून (बिअरला कडवट चव देणाऱ्या वेलीच्या फुलांमधून) बिअरमध्ये उतरलेली कडू द्रव्ये उडत नाहीत, त्यामुळे रस्सा जितका दाट होईल तितका कडवटपणा वाढत जातो. त्यात स्टाउटचा काळा रंग करपेपर्यंत भाजलेल्या जवांमुळे येतो आणि त्या जवांचा स्वतःचा कडूपणा वेगळाच असतो.

आपण राहता त्याच देशात याचे उत्तम उत्तर मिळते. ‘डुबेल’ प्रकारच्या बिअरला गडद रंग मुख्यतः कॅरमेल झालेल्या साखरेच्या पाकामुळे येतो, तिच्यात हॉप्सचा कडूपणा कमी असतो आणि मनुका-खजुरासारखी चव रश्श्यात उतरते. थोडा आंबटपणा आवडत असल्यास पूर्व फ्लँडर्स प्रांतातील ‘आउड ब्राउन’ बिअर घ्यावी; माझी पसंती मात्र डुबेललाच आहे.

चिकन हाडासकट तंगडी आणि मांडीचेच घ्यावे, छातीचे तुकडे या पदार्थाला निरुपयोगी आहेत. सव्वा किलो चिकन मीठ-मिरपूड लावून लोण्यावर सर्व बाजूंनी तांबूस करून बाजूला काढावे आणि त्याच भांड्यात अर्धा किलो उभा चिरलेला कांदा मंद आचेवर, निदान पंचवीस मिनिटे, गडद सोनेरी होईपर्यंत परतावा. कांद्याच्या गोडव्यावरच पुढे बिअरचा कडूपणा तोलला जाणार असल्याने इथे घाई करू नये. मग 330 मिलिलिटर बिअर, 200 मिलिलिटर चिकनचे पाणी, तमालपत्र, थाइम आणि चमचाभर तपकिरी साखर घालावी; साखरेऐवजी गूळही चालतो. चिकन परत सोडून, पावाच्या दोन कापांना मोहरीची पेस्ट लावून ते वर पालथे ठेवावेत. ही खास फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सकडची, युक्ती आहे: पाव विरघळून रस्सा दाट करतो, त्यामुळे तो आटवण्याची गरजच उरत नाही. झाकण ठेवून पाऊण तास मंद शिजवावे आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर घालावे. प्रेशर कुकरचा मोह टाळावा, त्यात मांस हाडापासून सुटून पुन्हा चोथाच होतो. सोबत तेथील रिवाजाप्रमाणे बटाट्याचे फ्राइज द्यावेत; भाताबरोबरही हा रस्सा वाईट लागत नाही.

आता मुलांविषयी. शिजवताना सगळे अल्कोहोल उडून जाते हा समज खरा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद आचेवर अर्ध्या तासाने सुमारे 35 टक्के, तर एका तासाने सुमारे 25 टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. डुबेलमध्ये 7 टक्के अल्कोहोल धरले, तर बाटलीत ते सुमारे 23 मिलिलिटर होते आणि पाऊण तासानंतर संपूर्ण भांड्यात सहा ते आठ मिलिलिटर उरू शकते. झाकण घट्ट असेल तर थोडे अधिकच. चौघांत वाटल्यावर हे प्रमाण अल्प राहते, तरीही लहान मुलांसाठी मी बिनअल्कोहोलची गडद बिअर घेईन. तिचे लेबल मात्र वाचावे, कारण अशा काही बिअरमध्ये 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असते.