मिक्सरचा आवाज आणि भिंतीवरची सावली

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची आहे. गेल्या महिन्यापर्यंत मिक्सर चालू असतानाही शेजारी बसून खेळायची. आता तो नुसता दिसला तरी कानांवर हात ठेवून किंचाळते, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. सासूबाई म्हणतात, मुद्दाम रोज लाव, सवय होईल. नवऱ्याचं म्हणणं, ती झोपल्यावरच लावू. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोन्ही नको. ती रडत असताना मिक्सर चालू ठेवलात, तर आवाजाच्या भीतीत आणखी एक भर पडते : मी घाबरले तरी मोठी माणसं थांबत नाहीत. आणि तो कायमचा नजरेआड केलात, तर त्या आवाजाने आपल्याला काही होत नाही हे तिला कळणार तरी कधी? टाळलेली भीती तशीच राहते, काही वेळा हेअर ड्रायर, फ्लश अशी पसरतही जाते.

दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मुलांची स्मरणशक्ती आणि कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते. कशामुळे काय होतं याची समज मात्र मागाहून येते. एकदा दचकल्याचं तुमच्या मुलीला आता आठवतं, ते पुन्हा होईल हेही सुचतं. पण आवाज करणारी वस्तू अंगावर येईल की नाही, हे तिला अजून ठरवता येत नाही. त्यामुळे ही भीती अचानक आल्यासारखी वाटली, तरी ती वाढीचाच भाग आहे.

आधी कान तपासा. सोबत सर्दी-ताप असेल, ती कान ओढत असेल किंवा आडवं केल्यावर जास्त रडत असेल, तर कानाचा संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

कान ठीक असतील तर पहिले काही दिवस मिक्सर लावण्याआधी तिला सांगा, दुसऱ्या कोणाबरोबर तरी लांबच्या खोलीत पाठवा. मग एकदा, तिची झोप झालेली आणि पोट भरलेलं असताना, प्लग काढलेला मिक्सर जमिनीवर ठेवा. भांडं आणि पातं आधीच बाजूला काढलेलं असू दे. तिला बटण फिरवू द्या, ‘घुर्रर्र’ आवाज तोंडाने काढू द्या. जवळ आली नाही तर ओढू नका, तुम्हीच खेळत बसा. पुढची पायरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज, अगदी हळू. त्यानंतर खरा मिक्सर : ती कोणाच्या तरी कडेवर दुसऱ्या खोलीत, दार लोटलेलं, आणि मिक्सर फक्त दोन-तीन सेकंद. ‘सुरू’ आणि ‘बंद’ तिने म्हणायचं. मुलांना अवचित येणारा आणि आपल्या हातात नसलेला आवाज सर्वांत जास्त घाबरवतो, म्हणून हा हुकूम तिच्याकडे देणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मग दार उघडं, मग उंबऱ्याशी, असं अंतर कमी करत न्या. एका पायरीवर ती दोन-तीनदा शांत राहिली की मगच पुढची. किंचाळली, तर घाई झाली असं समजून एक पायरी मागे या. दिवसाला पाच मिनिटं पुरेत.

‘काही झालं नाही, घाबरायचं नाही’ याचा उपयोग होत नाही, कारण तिची छाती धडधडतेय हे तिला जाणवत असतं. त्याऐवजी सांगा, ‘मोठा आवाज आला. तू दचकलीस. आता बंद झाला.’ अशा वेळी ती तुमच्या तोंडाकडे बघते. तुम्हीच धास्तावलेल्या दिसलात, तर शब्द वाया जातात.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. भीतीपायी खाणं, झोप, खेळ बिघडला, रोजच्या साध्या आवाजांनाही ती कान झाकू लागली, किंवा येत असलेले शब्द बोलेनाशी झाली, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा रात्री भिंतीवर ‘कोणीतरी आहे’ म्हणतो. आम्ही पाण्याची फवारणी करून ‘राक्षस पळवतो’. चालेल?

उत्तर : त्या रात्रीपुरतं चालतं, पण फवाऱ्यामुळे राक्षस खरा आहे यावर तुमचंच शिक्कामोर्तब होतं. रोज पलंगाखाली वाकून शोधण्याचंही तेच. दिवसा, उजेडात, टॉर्च घेऊन भिंतीवर हाताच्या सावल्या पाडा. टॉर्च जवळ नेला की सावली मोठी, लांब नेला की लहान, हे त्यालाच करू द्या. रात्रीचा दिवा मंद आणि पिवळसर ठेवा, पण आधी त्याच्या उशीवर स्वतः डोकं टेकून बघा : खुर्चीवरचे कपडे, दारामागची पिशवी तिथून कशी दिसते? जे भेसूर दिसेल ते हलवा. ‘झोप नाहीतर बागुलबुवा येईल’ हे घरात सगळ्यांनीच बंद करायला हवं. आणि ‘पाच मिनिटांनी येते’ असं सांगितलंत, तर त्याने हाक मारायची वाट न पाहता पाच मिनिटांनी खरंच जा.