कांद्यावर प्रतिक्रिया देण्याआधी

सर, कांद्याच्या भावावर प्रतिक्रिया मागायला वार्ताहराचा फोन आला की लगेच बोलू नका. बातमी नेमकी काय ते विचारून वीस मिनिटं मागा. तेवढ्यात लासलगाव बाजार समितीचा त्या दिवशीचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव पाहा. नवखे प्राध्यापक कमाल भाव सांगून मोकळे होतात. तो मोजक्याच ट्रॉल्यांना मिळालेला असतो. वाचून शेतकरी चिडतो, आणि त्याचं बरोबरच आहे. भाव क्विंटलचा असतो: १,५०० म्हणजे किलोला १५ रुपये. निर्यातीच्या तारखा पाठ हव्यात: ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. प्रतिक्रिया दोन वाक्यांत, लिहूनच पाठवा. करप्याबद्दल, म्हणजे कांद्यावरच्या रोगाबद्दल, विचारलं तर कृषितज्ज्ञाकडे पाठवा.